धार देवाची

आमच्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. धाटावच्या ज्या केमिकल कंपनीत बाबा होते, तिथल्या युनियनची पत्रकं तेच लिहायचे आणि शिफ्टला निघण्याआधी मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी जिथं अडखळेन तिथं वाक्य लांब झालंय असं समजून ते कापायचे. पुढं कंपनी बंद पडली, युनियन विरली, गठ्ठे राहिले. त्यांत एक पत्रक दारूविरुद्ध होतं आणि एक देवाच्या नावावर चालणाऱ्या धंद्यांविरुद्ध. ही दोन्ही पत्रकं तोंडपाठ असलेला मी बियर शॉपीत नोकरीला लागलो आणि माझ्या हातानं देवाला बियर गेली. त्याची ही हकीकत.

आधी धंद्याविषयी थोडं. बियर शॉपी म्हणजे बार नव्हे. इथं बसून प्यायला मिळत नाही. बाटली घ्यायची आणि चालू पडायचं. बाटली तपकिरी असते, कारण उन्हानं बियरला वास मारतो. माल सहा महिन्यांत संपवावा लागतो, म्हणून जुना पुढं आणि नवा मागं लावायचा. हलवलेली, तापलेली बाटली उघडली की अर्धी फेसात जाते. म्हणून गिऱ्हाइकाला देताना ती आडवी करायची नाही. काउंटरवर बसणाऱ्या नोकराला उत्पादन शुल्क खात्याचा नोकरनामा, म्हणजे तिथं काम करायचा परवाना, लागतो. आणि बाहेरच्यांना ज्याचं हसू येतं ती गोष्ट म्हणजे आपल्या राज्यात बियर घ्यायलासुद्धा कायद्यानं परमिट लागतं. एक दिवसाचं परमिट दुकानातच मिळतं. त्यावर नाव, वय आणि छापील कारण: आरोग्यरक्षणासाठी. बहुतेक गिऱ्हाइकांना हे ठाऊक नसतं. मी मात्र मागतो. गिऱ्हाईक चिडतं, आमचे शेठ त्याहून चिडतात.

देश आणि धर्म मी शटरवरून शिकलो. स्वातंत्र्यदिन, गांधीजयंती, आषाढी, विसर्जन, मतदान: या दिवशी शटर खाली. श्रावणात फ्रीज भरलेला राहतो, कारण महिनाभर पिणार नाही म्हणणारे त्याच्या आदल्या दिवशी रांग लावून सगळं पिऊन घेतात. एक जण बाटली हातात आली की आधी कपाळाला लावतो. दुसरा, धाटावच्या पहिल्या शिफ्टहून परतणारा, दुकानाबाहेर जाऊन झाकणभर जमिनीवर सांडतो आणि मग झाकण दाबून बाटली पिशवीत ठेवतो. कोणासाठी, असं एकदा विचारलं. म्हणाला, "आज्यासाठी. त्याच्याशिवाय कधी घेतली नाय."

माझी पहिली नोकरी पेणला होती, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीजवळ. तिथं एक आखणीवाला यायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा कारागीर. रोजचं गिऱ्हाईक. पण आखणीचं काम निघालं की दुकानाच्या पायरीवर उभा राहून नुसता हात वर करायचा: आता गौरी-गणपतीनंतर. मी त्याला छेडलं, की काका, देवाची भीती का. तो म्हणाला, "भीती कसली? हात थरथरला तर देव बघणार कुठं?" माझ्या दोन्ही पत्रकांत या माणसाला जागा नव्हती. तेव्हापासून मी पत्रकांच्या समासात लिहायला लागलो.

मग घराजवळ म्हणून रोह्याला आलो. घर जवळच्या वरसे गावात, दुकान धाटावच्या रस्त्याला. मालक नानाशेठ. दुकानाच्या नावात पूर्वी देवी होती. दारूच्या दुकानांना देवांची नावं नकोत असा सरकारी आदेश आला आणि शेठना पाटी बदलावी लागली. तो राग त्यांच्या मनात राहिला. माझ्या वाचनामुळं ते मला कॉम्रेड म्हणायचे. हाक मारताना प्रेमानं आणि सुट्टी मागितली की कुचेष्टेनं.

या दुकानात एका दुपारी चांगुणामावशी आली.

करवंदवाडी ही डोंगराच्या पायथ्याची कातकऱ्यांची वाडी. माणसं भाताच्या शेतांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरीला जातात. वाडीत मोहाची दारू गाळली जायची. चांगुणामावशीचा थोरला मुलगा पिऊन ओहोळात पडला आणि सकाळी मेलेला सापडला. तेराव्यानंतर तिनं वाडीतल्या बायांना बरोबर घेऊन भट्टीची मडकी फोडली. वाडीत दारू गाळायची नाही, आणायची नाही, असं बायांनी ठरवलं आणि ते पाळलं गेलं. पुरुषांनी कुरकुर केली, पण मडकी फोडणारीचा मुलगा गेला होता. तिच्यासमोर बोलणार कोण?

फक्त एक सूट होती. दिवाळीचा पहिला दिवस शहरात वसुबारस, डोंगरात वाघबारस. त्या दिवशी वाडी वाघदेवाला पुजते. वाघदेव म्हणजे सागाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. त्याला नारळ, कोंबडा आणि दारूची धार. गुरं आणि पोरं रानात सुखरूप राहावीत म्हणून. ही धार चांगुणामावशीनं बंद केली नाही. तिचं म्हणणं, दारू माणसांनी सोडलीय, देवानं नाय.

पण वाडीत आता दारू नव्हती. म्हणून ती आली होती. काउंटरवर दोन्ही हात ठेवून तिनं विचारलं, "ही कशाची करतात रं?"

मी सांगितलं, सातूची. म्हणजे जव. ब्राह्मण होमात टाकतात तेच धान्य.

"धान्याची हाय ना? मंग चालंल. एक दे."

देशी का नको, असं मी विचारलं. ती म्हणाली की देशीचा वास वाडीतल्या पुरुषांना ओळखीचा आहे, नुसत्या वासानं जुनं सगळं जागं होईल. या बाटलीचा वास कोणाला माहीत नाही. बाई अख्खा विचार करून आली होती. मी परमिटाचं पुस्तक काढलं आणि नाव विचारलं.

"लिव, वाघदेव."

"मावशी, माणसाचं नाव लागतं. वय पण लागतं. एकवीस पुरं पाहिजे."

"त्याचं वय तुज्या बापाच्या बापाला बी ठावं नसंल. लिव एकवीस."

शेवटी तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि रिकामी बाटली काउंटरवर ठेवून गेली. म्हणाली, बघ, शेवटच्या थेंबापर्यंत देवाला घातली, वाडीसमोर. कोणी मागं काही बोललं तर तू साक्षीला. पूर्वी धार घातल्यावर उरलेली दारू द्रोणांतून प्रसाद म्हणून फिरायची. आता उरतच नव्हती. प्रसाद म्हणून फक्त खोबरं.

पुढल्या वर्षी ती पुन्हा आली. एक बाटली, परमिट, दुसऱ्या दिवशी रिकामी परत. त्याच सुमारास तालुक्यातली एक दारूबंदी समिती वाडीचा सत्कार करायला गेली. शाल-नारळ झाल्यावर समितीच्या अध्यक्षांनी बायांना सांगितलं, की आता ती धारही बंद करा, देवाला तीर्थ घाला, म्हणजे तुमचा देव शुद्ध होईल. चांगुणामावशीनं शाल घडी करून त्यांच्या हातात दिली. हे मला कळलं तेव्हा मी पेटलो. मी देव मानत नाही आणि पीत नाही. पण देवळात वाजतगाजत चालतं ते धर्म आणि डोंगरात चालतं ते अशुद्ध, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. मी पत्रक काढलं. मथळा: ‘धार हा धर्म आहे’. बाबांनी दोन वाक्यं कापली आणि शेवटी एक घातलं: धार देवाची, ती देवापर्यंतच. बाजारपेठेत मी ते हातांनी वाटलं. नानाशेठनी काउंटरवरची एक प्रत घडी करून खिशात ठेवली. मला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी वाडीचा काळू भगत दुकानात आला. वाघदेवाची पूजा तोच करतो. अंगात येतं तेही त्याच्याच. शेठनी त्याला खुर्ची दिली, थंडा मागवला. बराच वेळ दोघं बोलत बसले. दोन दिवसांनी वाडीत बातमी, की वाघदेव भगताच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, "एका बाटलीनं माजा घसा बी भिजत नाय."

पाठोपाठ शेठनी बेत सांगितला. वाघबारशीला टेंपोतून बियरचे क्रेट वाडीवर पाठवायचे, दुकानाकडून देवाला भेट. वर एक बॅनर. दारूची जाहिरात कायद्यानं बंद, म्हणून बॅनरवर बाटली नव्हती. डरकाळी फोडणारा वाघ, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा आणि खाली दुकानाचं नाव. असा फुकट माल वाटणंही कायद्यात बसत नव्हतंच. मी म्हणालो, शेठ, हे देवासाठी नाही. एकदा प्रसाद म्हणून द्रोण फिरले की वाडीची बंदी मोडली. मग ते तुमचं रोजचं गिऱ्हाईक.

नानाशेठनी खिशातून माझं पत्रक काढलं. मथळा वाचून दाखवला.

"कॉम्रेड, तूच लिवलंस ना? धार हा धर्म हाय. मी धर्माला मदत करतोय. देवीच्या नावानं दुकान चालवू देत नायत, तर देवाला माल तरी पाजू दे."

"शेवटची ओळ वाचा, शेठ."

"येवढं कोण वाचतो?" ते म्हणाले. "उद्या टेंपो भरायचा हाय."

मी भरणार नाही असं सांगितलं. मग उद्या येऊ नकोस, असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि तिथूनच करवंदवाडीची वाट धरली.

चांगुणामावशी अंगणात झावळ्यांचा झाप विणत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिचा धाकटा मुलगा रमेश घराच्या दाराशी बसला होता. विशीतला, वीटभट्टीवर जाणारा. वाडीतल्या तरुणांत तोच सगळ्यात जास्त खूश होता. देवाचा प्रसाद नाकारता येत नाही, असं तो मला समजावून सांगायला लागला. मावशी त्याच्याकडं न बघता विणत राहिली. एक मुलगा तिनं दारूत घालवला होता. दुसरा समोर बसून प्रसादाचा हिशोब मांडत होता. मला तिच्या चेहऱ्याकडं बघवेना.

मी माझे उपाय सांगितले. मी टेंपोसमोर आडवा पडेन. नाहीतर उत्पादन शुल्कच्या साहेबांना फोन करतो, ते माल जप्त करतील.

"सायब आले म्हंजे आमचीच पोरं नेतील," ती म्हणाली. "शेठला कोन नेतो? येऊ दे टेंपो."

"आणि मग?"

"तुज्याकडं झाकण उघडायचं असतं ना?"

"ओपनर."

"तो घेऊन ये. दुसरं काय नको."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. ओपनर खिशात घालून वाडीवर गेलो. ऊन कलायला लागलं तेव्हा टेंपो आला, शेठचा भाचा चालवत होता. बॅनर लागला. क्रेट सागाच्या झाडापाशी उतरवले. पुरुष आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून आले होते आणि प्रत्येकाच्या हातात पळसाचा द्रोण होता. तरुण पोरं पुढं. बाया एका बाजूला घोळक्यानं उभ्या. काळू भगतानं दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला, कोंबडा दाखवला. मग धारेसाठी हात पुढं केला.

चांगुणामावशी पुढं आली आणि तिनं भगताला सगळ्यांसमोर विचारलं, देव सपनात काय बोलला ते पुन्यांदा सांग.

भगत म्हणाला, एका बाटलीनं माझा घसा भिजत नाही, असं देव बोलला.

"ही समदी त्यानं मागितली?"

"व्हय. त्यानंच मागितली."

"तुमचा वाटा काडा, आसं बोलला का?"

भगतानं पुढं केलेला हात मागं घेतला. आता आणखी खोटं बोलायचं तर ते देवासमोर उभं राहूनच बोलावं लागलं असतं, आणि काळू भगत शेठचा थंडा प्यायला असला तरी देव मानणारा माणूस होता. तो हळूच म्हणाला, "तसं नाय बोलला."

"मंग ज्यानं मागितली त्याची," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "उघड."

मी उघडायला लागलो. डोंगराच्या खडबडीत वाटेनं हलत, तापत आलेला माल. झाकण निघालं की फेस उसळून बाहेर यायचा. मी उघडून द्यायचो, बाया एकेक बाटली घेऊन दगडावर रिकामी करायच्या. शेंदूर फेसात मिसळून लाल ओघळ मातीत जायला लागले. भाचा ओरडला, की मामा काय म्हणेल. एका म्हातारीनं त्याला विचारलं, "मामानं देवाला दिली का तुला?" तो टेंपोत जाऊन बसला.

अर्धे क्रेट झाले होते. तेव्हा रमेश पुढं आला आणि त्यानं आईसमोर द्रोण धरला. नुसता धरून उभा. देवापुढं धरलेला द्रोण रिकामा परतवायचा नाही, हा रिवाज वाडीतल्या पोरासोरांना ठाऊक होता. बाया थांबल्या. मीही थांबलो. तिच्या हातात भरलेली, उघडी बाटली होती आणि फेस तिच्या बोटांवरून गळत होता.

मग दुसऱ्या हातानं तिनं ताटातला खोबऱ्याचा तुकडा उचलून त्याच्या द्रोणात ठेवला, आणि बाटली त्याच्यापुढं धरली.

"घे. तुज्या भावाच्या नावानं तू घाल देवाला."

रमेशनं बाटली घेतली. तोंडाला लावणं एका हाताच्या अंतरावर होतं, आणि तसं त्यानं केलं असतं तर वाडीतल्या कोणी त्याला अडवलं नसतं. तो दगडापाशी गेला, खाली वाकला आणि ओतली. एकदम नाही, बारीक धार धरून, सगळी संपेपर्यंत. मग मागं वळून त्यानं पुढची मागितली. त्याच्यामागून दुसरा पोरगा आला. राहिलेले क्रेट पोरांनीच रिकामे केले. मला झाकणं काढायला हात पुरेनात.

सगळं झाल्यावर चांगुणामावशीनं भगताला विचारलं, "भिजला का घसा?"

काळू भगतानं दगडावरचा ओला शेंदूर बोटानं चाचपला. "भिजला," तो म्हणाला. "पुढच्या बारशीपास्नं एकच बास." वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात टोमणा मारला, की आता देव आठवडाभर उठत नाही, गुरं सांभाळा रं आपापली. लोक हसले आणि खोबरं वाटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी माझा राहिलेला पगार आणायला दुकानात गेलो. शेठ काउंटरवर बसले होते, घामाघूम, आणि समोर पहिल्या शिफ्टची गर्दी. माझा माल दगडावर ओतलास, असं ते म्हणाले. देवावर, असं मी म्हणालो. त्यांनी मला पुष्कळ शिव्या दिल्या. मग उठून काउंटरच्या या बाजूला आले आणि आत जायला जागा केली. मी प्रामाणिक आहे म्हणून त्यांनी परत कामावर ठेवलं असं मी समजत नाही. न पिणारा आणि मालाला तोंड न लावणारा माणूस बियर शॉपीला सहज मिळत नाही, एवढंच.

तेवढ्यात चांगुणामावशी आणि रमेश आले. दोघांच्या डोक्यावर पोती. रिकाम्या बाटल्या. वाहून नेता येत नव्हत्या त्या वाडीत ठेवल्या होत्या. शेठनी टेंपो पाठवावा, असा निरोप. पोतं उतरवून तिनं काउंटरवर हात ठेवले आणि शेठना म्हणाली, "पुढच्या वर्साला भेट नको. एकच बाटली, ती बी मी इकत घेईन. देवाला फुकटची चालत नाय."

शेठनी मान हलवली.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली. ते माझ्या दुकानात कधीच आले नाहीत आणि आता येणारही नाहीत. गेल्या पावसाळ्यात ते गेले. गोष्ट ऐकून त्यांनी एकच विचारलं, की धाटावच्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी कोण ओतून टाकतं? शिफ्ट सुटली की थकलेली पोरं रांगेत येतात आणि मी त्यांना बाटल्या देतो, आडवी न करता. त्यांच्याविषयीचं पत्रक मी अजून लिहिलेलं नाही. लिहिणार आहे, आणि लिहून झालं की पहिली प्रत याच काउंटरवर ठेवणार आहे. शेठना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागेल असंच ते लिहीन.

वाघबारस जवळ आली की मी ताज्या मालातली एक बाटली फ्रीजच्या मागं वेगळी ठेवतो. यंदा चांगुणामावशी रमेशला घेऊन आली. गुडघे दुखतात, पुढच्या वर्षीपासून हा येईल म्हणाली, याला ओळखून ठेव. मी परमिटाचं पुस्तक काढलं. आयुष्यात थेंबभर न घेतलेल्या बाईचं नाव लिहिलं, वय लिहिलं. खाली कारण छापलेलं होतं: आरोग्यरक्षणासाठी. त्या दिवशी मी फाडून दिलेल्या सगळ्या परमिटांत तेवढ्या एकावरचं कारण खरं होतं.